क्रेडिटची बँक, घाईची डिग्री आणि सातारा ते सांगलीचा हिशोब

तुमच्यापैकी जे आत्ता बीए, बीकॉम किंवा बीएस्सीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला आहेत त्यांना 'एबीसी आयडी काढून आणा' ही सूचना कॉलेजच्या ग्रुपवर एकदा तरी आलेली असणार. मग डिजिलॉकर, आधारचा ओटीपी, जमलं नाही तर नेट कॅफेवाला, आणि शेवटी हातात एक १२ अंकी नंबर. तो ऑफिसात दिला की विषय संपला. नंबर कशासाठी, हे विचारणारे कमी आणि सांगणारे त्याहून कमी. दुसरीकडे 'रखडलेली पदवी एका वर्षात पूर्ण करा' असल्या जाहिराती तुम्ही एसटी स्टँडच्या आसपास बघितल्या असतील. गंमत म्हणजे तो नंबर आणि ती जाहिरात, दोन्हीकडे हल्ली एकच शब्द सापडतो: क्रेडिट ट्रान्सफर.

या ब्लॉगवर मी सहसा एखादा शोधनिबंध घेते. या वेळी एक नियमावली घेतेय, सोबत दोन निबंध आहेतच. प्रश्न साधा आहे: इकडचे तिकडचे क्रेडिट जमवून डिग्री खरंच लवकर आणि स्वस्तात मिळते का? माझं मत आधीच सांगून टाकते. आपल्याकडच्या व्यवस्थेत घाईला फार जागा नाही आणि स्वस्ताई जवळजवळ नाहीच. तिसरी एक गोष्ट आहे, ती या दोन्हींपेक्षा मोलाची आहे, आणि नेमकी तिथेच योजना कच्ची आहे.

आधी क्रेडिट म्हणजे काय ते बघू. सरकारी मराठीत याला श्रेयांक म्हणतात, पण तो शब्द कागदावरच राहिला, म्हणून मीही क्रेडिटच म्हणते. क्रेडिट हे ज्ञानाचं माप नाही, वेळेचं आहे. याची गोष्ट अमेरिकेत सुरू होते आणि ती चक्क प्राध्यापकांच्या पेन्शनची गोष्ट आहे. १९०५-०६ च्या सुमारास कार्नेगी फाउंडेशनने कॉलेजच्या प्राध्यापकांना पेन्शन द्यायचं ठरवलं. पण 'कॉलेज' कशाला म्हणायचं? कुणीही पाटी लावून पैसे मागितले तर? म्हणून अट आली, की प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याने शाळेत ठरावीक विषय ठरावीक तास शिकलेला असावा. हेच कार्नेगी युनिट. तीच तासांची भाषा पुढे कॉलेजांत आली आणि क्रेडिट अवर झाली. म्हणजे आज तुमच्या गुणपत्रिकेवर छापलेला आकडा मुळात हिशोबनीसाच्या सोयीसाठी जन्मला. त्यात वाईट काही नाही, किलो आणि मीटरही सोयीचेच आहेत. फक्त एक किलो साखर आणि एक किलो युरिया एकमेकांच्या जागी चालत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

भारतात आता थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास वर्ग, प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास प्रयोगशाळा. राष्ट्रीय क्रेडिट आराखडा (२०२३) घरचा अभ्यास वगैरे सगळं धरून एका क्रेडिटला ३० तास मोजतो आणि वर्षाला ४० क्रेडिट, म्हणजे १,२०० तास. महाराष्ट्र शासनाच्या २०२३ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या पदवीला १६० ते १७६ क्रेडिट आहेत. युरोपात वर्षाला ६० क्रेडिट असतात आणि एकेक २५ ते ३० तासांचं, म्हणजे वर्षाला १,५०० ते १,८०० तास. तेव्हा तुमचा एखादा मित्र जर्मनीला जाऊन 'इथे क्रेडिट जास्त असतात' म्हणाला, तर तो खोटं बोलत नाहीये, पण त्याचं क्रेडिटही वेगळं आहे.

आता घाईचं. यूजीसीने वेगवान पदवीची सोय आणली. पहिल्या किंवा दुसऱ्या सत्रानंतर पर्याय निवडायचा, दर सत्रात जास्त क्रेडिट घ्यायचे आणि तीन वर्षांची पदवी सहाऐवजी पाच सत्रांत संपवायची. जागा मंजूर प्रवेशक्षमतेच्या १० टक्क्यांपर्यंतच. ऐकायला छान आहे. आता कागद घ्या. १३२ क्रेडिटची पदवी, पहिलं सत्र नेहमीसारखं २२ चं. उरले ११०, ते चार सत्रांत, म्हणजे सत्राला साडेसत्तावीस. एका क्रेडिटला ३० तास धरले तर ८२५ तास, आणि सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला ५५ तास अभ्यास. निर्णय दुसऱ्या सत्रानंतर घेतला तर ८८ क्रेडिट तीन सत्रांत, आठवड्याला जवळपास ५९ तास. सकाळी आटपाडीहून किंवा म्हसवडहून एसटी धरणारं, संध्याकाळी परत जाऊन धारा काढणारं पोरगं हे करू शकेल? काही करतील. अशी चिवट मुलं मी बघितलीयत. पण योजना त्यांच्यासाठी आखलेली नाही.

आणि एवढं करून मिळतं काय, तर सहा महिने. पाचवं सत्र संपतं हिवाळ्यात, एमएस्सीचे प्रवेश उघडतात उन्हाळ्यानंतर. मधला वेळ घरी बसायचं. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना वाटेल की निदान आमचा तरी फायदा. पण पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांना राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेला तसंही बसता येतं. लगेच नोकरी हातात असेल त्याला मात्र हे सहा महिने खरेच कामाचे आहेत, ते नाकारत नाही.

स्वस्ताईचं उत्तर तर एका वाक्यात आहे: आपल्याकडच्या नेहमीच्या कॉलेजात फी वर्षाची असते, क्रेडिटची नसते. हे अमेरिकेच्या उलट आहे. तिथे बऱ्याच ठिकाणी क्रेडिटमागे पैसे मोजतात, म्हणून बाहेरून स्वस्तात आणलेलं प्रत्येक क्रेडिट म्हणजे थेट वाचलेले डॉलर. १९६७ पासून तिथे 'क्लेप' नावाच्या परीक्षा आहेत. विषय घरी शिका, परीक्षा द्या, क्रेडिट घ्या. न्यू जर्सीतलं थॉमस एडिसन विद्यापीठ (१९७२) तर मुळात असे इकडून तिकडून आणलेले क्रेडिट स्वीकारून पदवी देण्यासाठीच उभं राहिलं. त्या देशात 'झटपट आणि स्वस्त पदवी' हा हौशी लोकांचा खेळच झालाय, तक्ते करून काम चालतं. आपल्याकडे ते तक्ते जसेच्या तसे उचलणाऱ्यांनी हा फीचा फरक सांगितलेला मला तरी दिसला नाही.

'स्वयम'चं उदाहरण घ्या. २०१७ मध्ये सुरू झालेला सरकारी मंच, शिकणं फुकट. आधी एका सत्रातले २० टक्के क्रेडिट यातून घेता येत, २०२१ पासून ४० टक्के. म्हणजे २२ क्रेडिटच्या सत्रात आठेक. एनपीटीईएलचा १२ आठवड्यांचा कोर्स साधारण ३ क्रेडिटचा, देखरेखीखालच्या परीक्षेची फी खुल्या गटाला १,००० रुपये. तीन कोर्स केले तर तीन हजार. कॉलेजने त्या सत्राच्या फीमधून तेवढे कमी केले का? नाही ना. मग ते तीन हजार वाचलेले नाहीत, वाढलेले आहेत. ज्ञान मिळालं असेल, तो भाग वेगळा, आणि चांगला आहे. माझ्या पीएच.डी.च्या कोर्सवर्कच्या वेळी मी स्वयमवरचे दोन कोर्स ऐकलेत आणि त्यातला एक, संख्याशास्त्राचा, वर्गात मला कधीच एवढा नीट कळला नव्हता. पण मुद्दा स्वस्ताईचा चाललाय.

मग ही बँक कुणासाठी? माझ्या मते, ज्यांचं शिक्षण मध्येच तुटतं त्यांच्यासाठी. लग्न होऊन गाव बदललेल्या मुली, घरचा माणूस गेला म्हणून पोल्ट्री सांभाळायला बसलेली पोरं, मुंबईला माथाडीत गेलेले, बदली झालेल्या पोलिसाची बायको. पूर्वी दोन वर्षं करून सोडलं की हातात फक्त गुणपत्रिका. आता पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका (बाहेर पडताना कौशल्याचे ४ जादा क्रेडिट करावे लागतात, ते कॉलेज सुरू असतानाच विचारून ठेवा), आणि जमवलेले क्रेडिट खात्यात सात वर्षांपर्यंत जिवंत. विचार म्हणून मला हे फार आवडतं. आपल्याकडे 'ड्रॉप झाली' हा एक शेवटचा शिक्का होता. तो निदान नियमात तरी पुसला गेला.

आता हा विचार सातारा ते सांगली या अंतरावर चालवून बघू. दोन्ही जिल्हे एकाच शिवाजी विद्यापीठाखाली वाढले. विद्यापीठ १९६२ चं. त्याआधी हीच कॉलेजं पुणे विद्यापीठाला आणि त्याआधी मुंबईला जोडलेली होती, आणि सांगली जिल्हा तर १९६० पर्यंत 'दक्षिण सातारा'च होता. पण २०२१ मध्ये साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं, रयतच्या तीन कॉलेजांचं समूह विद्यापीठ. म्हणजे छत्रपती शिवाजी कॉलेज किंवा यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून आता सांगलीला यायचं, तर विद्यापीठ बदलतं.

समजा एका मुलीने तिथे रसायनशास्त्र घेऊन दोन वर्षं केली. १२० ची पदवी धरू, सोपं पडेल. तिचे ८० क्रेडिट झाले. लग्न होऊन ती मिरजेला आली. उरले किती? तुम्ही म्हणाल ४०. थांबा. २०२१ च्या नियमावलीत अट आहे, की जी संस्था पदवी देणार तिच्याकडूनच किमान निम्मे क्रेडिट मिळवलेले हवेत. १२० चे निम्मे ६०. तिने सांगलीच्या कॉलेजात नवा प्रवेश घेतला आणि पदवी शिवाजी विद्यापीठाची मागितली, तर तिला इथे ६० करावे लागतात. म्हणजे बँकेत ८० असूनही चालतात फक्त ६०, उरलेले २० पडून. वीस क्रेडिट म्हणजे एक आख्खं सत्र.

आता तेच उलट करा. तिने साताऱ्याची नोंदणी रद्द केली नाही. पदवी साताऱ्याच्याच विद्यापीठाकडे मागितली, उरलेले ४० सांगलीत किंवा काही ऑनलाइन केले. साताऱ्याचे ८०, एकूण १२०, अट आरामात पूर्ण, एकही क्रेडिट वाया नाही. तेच शिक्षण, तीच मुलगी, फरक फक्त कोणत्या खिडकीवर कोणता अर्ज केला याचा. आणि आपल्याकडे गाव बदललं की पहिलं काय करतात? टीसी काढतात! नियमातली सगळ्यात महाग चूक ही आहे आणि ती टाळायला एक पैसा लागत नाही, फक्त कुणीतरी वेळेवर सांगावं लागतं.

याच्याही आधी एक अडथळा आहे. तिचं साताऱ्यातलं भौतिक रसायनशास्त्र सांगलीच्या अभ्यासक्रमातल्या कोणत्या पेपरच्या बरोबरीचं, हे कोण ठरवणार? घेणारी संस्था, तिचं अभ्यास मंडळ. बँकेत जमा असणं आणि समोरच्याने मान्य करणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. इथे 'बँक' हा शब्दच फसवा आहे, आणि या योजनेवर माझी खरी टीका ही आहे. साताऱ्याच्या शाखेत भरलेला रुपया सांगलीत रुपयाच निघतो, म्हणून तिला बँक म्हणायचं. इथे तुम्ही किलोभर साखर ठेवता आणि समोरचा म्हणतो, ही नक्की साखरच आहे का ते बघून सांगतो. ही बँक नाही, गोदाम आहे. चांगलं, नीट नोंदी ठेवणारं गोदाम, पण गोदामच.

याला पुरावा आहे, फक्त तो आपल्याकडचा नाही. अमेरिकेच्या संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाने (जीएओ) २०१७ मध्ये अहवाल दिला. २००४ ते २००९ दरम्यान कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांचे अंदाजे ४३ टक्के क्रेडिट बदलताना बुडाले. शंभर वर्षांहून जुनी क्रेडिट पद्धत असलेल्या देशात ही गत! दुसरा निबंध मोनॅहन आणि ॲटवेल यांचा, २०१५ चा. कम्युनिटी कॉलेजमधून मोठ्या कॉलेजात गेलेल्यांपैकी ५८ टक्क्यांचे ९० टक्क्यांहून जास्त क्रेडिट सोबत गेले, पण १४ टक्क्यांचे जवळपास सगळेच बुडाले. आणि ज्यांचे जवळपास सगळे क्रेडिट मान्य झाले, त्यांच्या पदवी पूर्ण होण्याची 'ऑड्स', निम्म्याहून कमी मान्य झालेल्यांच्या तुलनेत अडीच पट होती. ऑड्स म्हणजे शक्यता नव्हे हं. ते पूर्ण होणाऱ्यांचं न होणाऱ्यांशी गुणोत्तर आहे, तेव्हा 'अडीच पट मुलं पास होतात' असं कुणाला सांगू नका. शिवाय ज्यांनी आधीपासून नीट आखणी केली त्यांचेच क्रेडिट टिकले असतील आणि तेच तसेही पास झाले असते, अशी शंका घ्यायला जागा आहे. लेखकांनी विद्यार्थ्यांचे इतर फरक गणितात धरलेत, तरी ती शंका पूर्ण जात नाही. पण दिशा मला पटते. दोन वर्षं केलेलं मोजलंच गेलं नाही, तर परत सुरुवात करायचा धीर किती जणांना राहील?

ऑनलाइन कोर्सबद्दलही एक आकडा. राईश आणि रुइपेरेझ-व्हॅलिएंटे यांनी २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये हार्वर्ड-एमआयटीच्या मंचाची आकडेवारी दिली. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी कोर्स पूर्ण केलेले ३.१३ टक्के, प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये ४६ टक्के. म्हणजे पैसे आणि परीक्षा असली की माणूस टिकतो, तरी निम्म्याहून जास्त गळतात. एकट्याने शिकणं अवघड आहे. मिरजेच्या त्या मुलीला, सासरी, मोबाइलवर, आणखीच.

आमच्या विभागातले काही जण म्हणतात, हे सगळं उथळ आहे, डिग्री म्हणजे कॉलेजात तीन वर्षं घासलेली बूडं. मला हे अर्धंच पटतं. प्रयोगशाळेपुरतं शंभर टक्के. टायट्रेशनचा शेवटचा थेंब, मेनिस्कस डोळ्याच्या रेषेत धरणं, हे व्हिडिओ बघून येत नाही, आणि दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हणजे ६० तास उभं राहणं याला पर्याय नाही. पण थिअरीच्या वर्गात सगळे शिकतातच असं समजणाऱ्यांनी कुठल्याही कॉलेजात दुपारच्या तासाला डोकावावं. आपल्याकडे शब्दच होता 'टर्म भरणे', आणि एटीकेटीमधल्या केटीचा अर्थही तोच. हजेरी भरली, टर्म भरली, झालं. देखरेखीखालची स्वयमची परीक्षा त्याहून उथळ कशी?

आणि 'बाहेरून' शिकण्याला नाक मुरडायची परंपरा जुनी असली तरी बाहेरून शिकायची परंपराही तेवढीच जुनी आहे. लंडन विद्यापीठ १८५८ पासून कॉलेजात न बसलेल्यांना पदव्या देत आलंय. आपल्याकडे बहिःस्थ बीए करून शिक्षक, तलाठी झालेली एक पिढीच आहे, प्रत्येकाच्या नात्यात एखादे काका निघतील. १९८९ मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठ झालं आणि बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारी परीक्षेतून पदवीची वाट मिळाली. त्याला ज्यांचं नाव आहे ते यशवंतराव चव्हाण जन्मले देवराष्ट्रे गावात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, आणि वाढले कराडला, सातारा जिल्ह्यात. आजच्या भाषेत, त्यांची शाळाही दोन जिल्ह्यांची.

खरं स्वस्त शिक्षण या भागाला कुणी दिलं असेल तर ते भाऊराव पाटलांनी. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं आणि 'कमवा आणि शिका' तिथे रुजलं. त्याचं गणित क्रेडिटच्या अगदी उलट होतं: मुलाने काम केलं की शिक्षणाचा खर्च भागायचा. नव्या आराखड्यात कामावरचं प्रशिक्षण आहे, त्याला क्रेडिट आहेत, पण पैसे मिळतीलच असं नाही. पुष्कळदा मुलगा स्वतःच्या खर्चाने जाऊन फुकट राबून येतो आणि वर त्याला क्रेडिट 'मिळवलं' म्हणायचं. या बदलावर कुणी फारसं बोलत नाही. राष्ट्रीय आराखड्यात अनुभवालाही वजन आहे, अनुभवी माणसाचे क्रेडिट दुपटीपर्यंत मोजायची तरतूद आहे. तासगावकडे दहा वर्षं द्राक्षबाग सांभाळलेल्या बाईला डाऊनीबद्दल जे कळतं, ते बुरशीनाशकांची रसायनं पुस्तकातून शिकलेल्या मला कळत नाही. तिचे क्रेडिट कोणत्या खिडकीवर मिळतात हे कुणाला माहीत असेल तर खाली लिहा, मी जाऊन बघेन.

तोवर ज्यांचं गाव किंवा कॉलेज बदलायचंय त्यांच्यासाठी. टीसी काढण्याआधी जुन्या कॉलेजात लेखी विचारा, की उरलेले क्रेडिट दुसरीकडे करून पदवी तुमच्याकडूनच मिळेल का. नव्या कॉलेजात प्रवेश फी भरण्याआधी विचारा, की माझ्या कोणत्या पेपरच्या जागी तुमचा कोणता पेपर धरणार, आणि उत्तर कागदावर मागा. तोंडी 'होऊन जाईल बघा' चालणार नाही. एबीसीच्या खात्यात जाऊन तुमचे क्रेडिट खरंच चढलेत का तेही बघा. आयडी काढला म्हणजे ते चढले असं नसतं, ते कॉलेज-विद्यापीठाने पाठवावे लागतात. आणि 'एका वर्षात तीन वर्षांची डिग्री' म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, की कोणत्या विद्यापीठात, कोणत्या सत्रात, किती क्रेडिट.

विद्यापीठांकडून मला एकच गोष्ट हवीय: समकक्ष पेपरांची यादी, प्रवेश सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांना दिसेल अशी. शिवाजी विद्यापीठ आणि साताऱ्याचं विद्यापीठ, दोघांच्या रसायनशास्त्राच्या अभ्यास मंडळांनी एका दुपारी एकत्र बसून करावी एवढंच ते काम आहे. पहिल्या दोन वर्षांचे दोन्हीकडचे अभ्यासक्रम मी शेजारी शेजारी ठेवून बघायला सुरुवात केलीय. झालं की तक्ता इथेच टाकते. भौतिकशास्त्र आणि वनस्पतिशास्त्रवाल्यांपैकी कुणी आपापल्या विषयाचा करणार असेल तर कळवा.